तीस सेकंदांचे सील
हेलिकॉप्टरच्या इंजिनावरील शक्तिमर्यादेचे एक परीक्षण

बोरी अरबच्या शिवारात विहिरींवर विजेचे पंप येऊन बरीच वर्षे झाली, तरी जुने ऑइल इंजिन कोणी सहसा मोडीत काढत नाही. वीज नसली की तेच कामाला येते. वर्गात ‘शक्ती’ हा घटक शिकवताना मी नेहमी याच इंजिनाचे उदाहरण घेतो. त्याच्या डिझेल पंपावर एक छोटा स्क्रू असतो. इंजिनाला जास्तीत जास्त किती डिझेल मिळावे हे तो ठरवतो. कारखान्यातून बाहेर पडताना त्या स्क्रूला तार गुंडाळून शिशाचे सील लावलेले असते. एखादा मेकॅनिक ते सील तोडून स्क्रू थोडा फिरवतो. इंजिन जोर धरते, धुराड्यातून काळा धूर येऊ लागतो आणि एक-दोन हंगामांत व्हॉल्व्ह-पिस्टनचे काम निघते. कितीतरी मुलांना ही गोष्ट घरचीच म्हणून ठाऊक असते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या निवडणुकीसाठी जिल्ह्यात हेलिकॉप्टरे उतरू लागली. त्या दिवसांत एका मुलाने विचारले, “सर, हेलिकॉप्टरच्या इंजिनालेबी असं सील रायते का? अन् जीव वाचवाची पाळी आली, त थे तोडता येते का?”

प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्याचे उत्तर सोपे आहे : हो, असते. दुसऱ्या अर्ध्यासाठी मात्र नुसते वर्णन पुरत नाही, परीक्षण करावे लागते. आपण पुस्तकाचे परीक्षण करतो, नाटकाचे करतो. यंत्राचे मात्र एक तर कौतुक करतो, नाही तर अपघात झाला की त्याला दोष देतो. यंत्रातील मर्यादा ही माणसांनी विचारपूर्वक घेतलेली भूमिका असते आणि कोणत्याही भूमिकेला प्रश्न विचारता येतात. ही मर्यादा कोणाच्या रक्षणासाठी आहे? ती ओलांडण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि ओलांडली, तर त्याचा हिशेब कोठे राहतो? या तीन प्रश्नांच्या आधारे हेलिकॉप्टरच्या इंजिनावरील नियंत्रणाकडे पाहू या.

दोन प्रकारच्या मर्यादा

आमच्या गावावरून यवतमाळ–मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ धावत असे. १५ एप्रिल १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली. हे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले होते. वाफेच्या बॉयलरवर सुरक्षा-झडप असते. दाब ठरावीक आकड्यापुढे गेला की ती उघडते आणि वाफ बाहेर पडते. येथे तडजोडीला जागा नाही, कारण बॉयलर फुटला तर इंजिन जाते आणि शेजारची माणसेही जातात. झडप यंत्राचे आणि माणसांचे रक्षण एकाच वेळी करते.

ऑइल इंजिनाचा स्क्रू वेगळ्या जातीचा आहे. तो फिरवल्याने इंजिन त्याच क्षणी फुटत नाही. त्याचे आयुष्य घटते. म्हणजे ही मर्यादा धोक्याची कमी आणि किफायतीची जास्त आहे. आज थोडी जादा शक्ती घ्या आणि उद्या दुरुस्तीचा खर्च सोसा, असा तो सौदा असतो.

हेलिकॉप्टरच्या इंजिनावर या दोन्ही जातींच्या मर्यादा एकत्र नांदतात. सारी गुंतागुंत आणि सारे मर्म तेथेच आहे.

इंजिन कशाला भिते?

आजची बहुतेक मोठी हेलिकॉप्टरे टर्बाइन इंजिनावर उडतात. पुढून आलेली हवा संपीडकात दाबली जाते, ज्वलनकक्षात तिच्यात इंधन जळते आणि तप्त वायू टर्बाइनची पाती फिरवतात. पहिली टर्बाइन संपीडकाला चालवते. बहुतेक रचनांत तिच्यामागे दुसरी, स्वतंत्र टर्बाइन असते. ती गिअरपेटीमार्फत वरचा मोठा पंखा, म्हणजे रोटर, फिरवते. रोटरचा वेग जवळजवळ कायम ठेवायचा असतो. पायलट डाव्या हाताने ‘कलेक्टिव्ह’ नावाची दांडी वर ओढतो, तेव्हा रोटरच्या पात्यांचा कोन वाढतो, उचल वाढते आणि हवेचा विरोधही वाढतो. वेग पडू नये म्हणून इंजिनाला अधिक इंधन द्यावे लागते. हे काम नियंत्रक करतो. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला बसवलेल्या फिरत्या गोळ्यांच्या गव्हर्नरचाच हा वंशज आहे.

इंधन देताना नियंत्रकाला मुख्यतः तीन मर्यादा सांभाळाव्या लागतात. टर्बाइनजवळच्या वायूचे तापमान, संपीडकाच्या फेऱ्यांचा वेग आणि गिअरपेटीवर येणारा पीळ, म्हणजे टॉर्क. थंड दिवशी सखल प्रदेशात हवा दाट असते, इंजिन जोमात असते आणि बहुधा गिअरपेटीच आधी ‘पुरे’ म्हणते. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलट होते. पारा ४५ अंशांवर गेला की १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते (२८८ भागिले ३१८, हे गणित मुलांकडून करून घ्यावे). रोटरला कापायला हवा कमी, इंजिनाला श्वास घ्यायला हवा कमी, आणि आत येणारी हवा आधीच तापलेली. अशा वेळी तापमानाची मर्यादा आधी गाठली जाते.

तापमानाला एवढे का भ्यायचे? टर्बाइनची पाती लाल होण्याइतक्या उष्णतेत, प्रचंड वेगाने फिरत असतात. केंद्रोत्सारी ताणाखाली तापलेला धातू हळूहळू लांबत जातो. याला ‘क्रीप’ म्हणतात. अभियंत्यांचा एक ठोकताळा असा की, पात्याच्या धातूचे तापमान साधारण १० ते १५ अंशांनी वाढले तर त्याचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे तापमानाची मर्यादा ही बॉयलरच्या झडपेसारखी एका आकड्याची रेघ नाही. ती तापमान आणि वेळ या दोहोंचा करार आहे. हजारो तास टिकायचे असेल तर एवढेच तापमान. अर्धा मिनिटच टिकायचे असेल, तर बरेच अधिक.

आपली पाठ्यपुस्तके इंजिनाची शक्ती एका आकड्यात सांगतात. वस्तुतः ‘किती वेळासाठी?’ हे विचारल्याखेरीज त्या आकड्याला पुरता अर्थ नाही.

एक इंजिन बंद पडते तेव्हा

२५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे राज्याच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांना घेऊन उडालेले शासकीय हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेचच तारांना अडकून खाली आले. सुदैवाने सर्वजण बचावले. ते दोन इंजिनांचे सिकोर्स्की एस-७६ जातीचे होते. त्या अपघाताची कारणे शोधणे हा या लेखाचा विषय नाही. पण ती बातमी वर्गात निघाली की मुले हमखास विचारतात, “दोन इंजिने असताना हेलिकॉप्टर पडते कसे?” दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षा, ही समजूत प्रौढांचीही असते. ती तपासायला हवी.

समजा, एका जागी तरंगत राहण्यासाठी १०० एकक शक्ती लागते आणि प्रत्येक इंजिन नेहमीच्या मर्यादेत ६० एकक देऊ शकते. दोन्ही चालू असताना १२० एकक हाताशी आहेत. एक बंद पडले की उरतात ६०. हेलिकॉप्टर तरंगू शकत नाही, ते खाली येऊ लागते. मात्र निसर्गाने येथे एक सवलत दिली आहे. हेलिकॉप्टर पुढे सरकू लागले की रोटरला दर सेकंदाला अधिक ताजी हवा मिळते आणि लागणारी शक्ती घटते. ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर वेगाला ती तरंगण्याच्या जवळपास निम्म्यावर येते. आपल्या उदाहरणात ५५ एकक धरू. तेवढी तर एकटे इंजिन देऊ शकते!

म्हणजे खरा प्रश्न तरंगण्यापासून त्या वेगापर्यंत पोहोचण्याच्या मधल्या काही सेकंदांचा आहे. तेवढ्या वेळात चालू इंजिनाने ६० ऐवजी ७५ एकक दिले, तर कदाचित थोडी उंची खर्चून वेग मिळवता येईल. नाही दिले, तर जमीन आधी येईल. मुंबईत जुहूहून सुमारे १६० किलोमीटरवरील मुंबई हायच्या तेलफलाटांवर कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या हेलिकॉप्टरांपुढे हा प्रश्न रोजचा आहे. फलाटाची कड सुटली की खाली समुद्र असतो. तेथे धावपट्टी नाही की मोकळे शेत नाही.

या काही सेकंदांसाठी विमानोड्डाण नियमांत एक खास तरतूद आहे. दोन इंजिनांपैकी एक निकामी झाल्यास दुसऱ्याने ‘३० सेकंदांची’ आणि त्यानंतर ‘२ मिनिटांची’ जादा शक्ती द्यावी, अशी ती श्रेणी. ३० सेकंदांत धोक्याच्या जागेतून सुटायचे, २ मिनिटांत सुरक्षित उंची गाठायची आणि पुढे एका इंजिनाच्या सततच्या शक्तीवर जवळचा तळ गाठायचा. एका उड्डाणात ३० सेकंदांची शक्ती जास्तीत जास्त तीनदा वापरता येते. वापरली की उतरल्यावर इंजिनाची तपासणी आणि ठरवून दिलेली दुरुस्ती सक्तीची असते.

मुलाच्या भाषेत सांगायचे तर, सील आहे. जीव वाचवण्याची पाळी आली की ते तोडता येते. पण तीस सेकंदांसाठी, आणि मेकॅनिकला सांगूनच.

जमेची बाजू

या व्यवस्थेतील सर्वांत प्रामाणिक भाग तिच्या चाचणीत दिसतो. एरवी नव्या इंजिनाची दीर्घ चाचणी झाली की सुटे केलेले भाग पुन्हा वापरण्याजोगे असावे लागतात. या आणीबाणीच्या श्रेणीसाठी दोन तासांची एक वेगळी जादा चाचणी घेतात. ३० सेकंदांचे आणि २ मिनिटांचे टप्पे असलेला क्रम चार वेळा चालवतात. त्यानंतर काही भाग पुढे वापरण्यास निरुपयोगी झालेले आढळले तरी नियमाला ते चालते. चालत नाही ते एवढेच की इंजिनाचा सांगाडा ढासळावा, तुकडे उडावेत. इंजिन खराब झाले तरी चालेल, माणसे गेलेली चालणार नाहीत, हा अग्रक्रम येथे कोरड्या तांत्रिक भाषेत का होईना, लिहून ठेवला आहे. आपल्याकडच्या किती यंत्रांबद्दल असे सांगता येईल?

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे ही शक्ती आपोआप मिळाली पाहिजे आणि आपोआपच आटोक्यात राहिली पाहिजे, असा नियम आहे. आणीबाणीत माणसाचा हात एक तर कचरतो, नाही तर अति करतो. काट्यांकडे पाहत, तापमान मोजत दांडी ओढायची, तर तीस सेकंदांतले पाच-सात त्यातच जातात. म्हणून हे काम ‘फॅडेक’कडे, म्हणजे इंजिनावर पूर्ण अधिकार असलेल्या अंकीय नियंत्रकाकडे दिले जाते. शेजारचे इंजिन पडल्याचे त्याला संदेशातून कळते. तो लगेच आपली मर्यादा वरच्या पायरीवर नेतो. पण इंधन एकदम ओतत नाही, कारण संपीडकाचा तोल गेला तर हवा उलटी फिरते आणि चालू इंजिनही बंद पडू शकते. किती द्यायचे आणि किती वेगाने द्यायचे, दोन्ही तो सांभाळतो.

तिसरी गोष्ट हिशेबाची. जादा शक्ती किती वेळ वापरली याची नोंद आधुनिक नियंत्रक स्वतःच्या स्मृतीत ठेवतो. ऑइल इंजिनाचे तोडलेले सील पुन्हा शिसे ठोकून बसवता येते; येथे तसे लपवता येत नाही. वर विचारलेल्या तीन प्रश्नांपैकी शेवटच्या प्रश्नाला या व्यवस्थेने दिलेले उत्तर मला सर्वांत समाधानकारक वाटते.

उणिवा

पहिली उणीव भौतिकशास्त्राची आहे. मर्यादा बांधून घेतल्याने इंजिन सुरक्षित राहते. पण पायलटने गरजेपेक्षा अधिक दांडी ओढली तर तूट कोठे तरी निघणारच. ती रोटरच्या वेगातून निघते. रोटरची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग १०० वरून ९० टक्क्यांवर आला की त्याच कोनात उचल ८१ टक्के राहते. ८० वर आला की ६४. रोटरमध्ये साठलेली गतिज ऊर्जाही याच प्रमाणात घटते. उचल कमी झाली म्हणून घाबरून दांडी आणखी ओढावी, तर विरोध वाढतो, वेग आणखी पडतो. इंजिनाचे रक्षण करणाऱ्या काटेकोर मर्यादेने संकट इंजिनावरून रोटरवर ढकलले, असे येथे म्हणावे लागते. म्हणूनच काही आधुनिक रचनांत रोटरचा वेग धोक्याच्या पातळीखाली गेल्यास नियंत्रक तापमानाची नेहमीची मर्यादा बाजूला ठेवतो. ही सुधारणा योग्य दिशेची आहे. मर्यादा केवळ इंजिनाकडे पाहून ठरू नये, संपूर्ण हेलिकॉप्टरकडे पाहून ठरावी.

दुसरी उणीव विश्वासाची आहे. ‘पूर्ण अधिकार’ हे शब्द आपण सहज वापरतो. पण ज्याला पूर्ण अधिकार, त्याची चूकही पूर्णच. २ जून १९९४ रोजी ब्रिटिश हवाई दलाचे चिनूक हेलिकॉप्टर स्कॉटलंडमधील मल ऑफ किंटायर येथे धुक्यात डोंगरावर आदळले आणि आतील २९ जण दगावले. या नव्या श्रेणीच्या चिनूकवर फॅडेक बसवले होते. त्याच्या आज्ञावलीची स्वतंत्र तपासणी करणाऱ्या कंपनीने केवळ १८ टक्के भाग तपासून ४८६ विसंगती नोंदवल्या आणि काम थांबवले होते. त्याआधी १९८९ साली अमेरिकेत विल्मिंग्टन येथे जमिनीवरील चाचणीत याच यंत्रणेच्या चिनूकचे इंजिन भलत्याच वेगाने धावून मोठे नुकसान झाले होते. म्हणजे ज्या यंत्रणेने मर्यादा पाळायची, तिनेच ती ओलांडली होती. किंटायरचा अपघात फॅडेकमुळे झाला असे सिद्ध झाले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण १९९५ साली मृत पायलटांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला गेला, आणि तो मागे घ्यायला २०११ साल उजाडावे लागले. यंत्र गप्प असते आणि पायलट हयात नसतात. अशा वेळी दोष कोणाकडे झुकतो, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

यावर एक मध्यम मार्ग काही रचनांत आढळतो. ब्लॅक हॉक, अपाची या हेलिकॉप्टरांतील टी-७०० इंजिनाच्या जुन्या-नव्या प्रकारांत नियंत्रकाचा बिघाड झाल्यास पायलटला शक्तीची दांडी एका विशिष्ट जागेपुढे रेटून त्याला ‘कुलूपबंद’ करता येते. मग इंधन हाताने द्यायचे. तापमानाची राखण त्या क्षणापासून माणसाकडे येते. टर्बाइन भलत्याच वेगाने धावू नये यासाठीची सुरक्षा मात्र कायम राहते. येथे दोन जातींच्या मर्यादा नीट वेगळ्या केलेल्या दिसतात. आयुष्य घटवणारी मर्यादा माणसाने जाणूनबुजून मोडावी. तुकडे उडवणारी मर्यादा कोणालाच मोडता येऊ नये. ऑइल इंजिनाचा स्क्रू आणि बॉयलरची झडप यांतला फरक हाच तर होता.

तिसरी उणीव सवयीची. खरी ३० सेकंदांची शक्ती वापरली की इंजिन तपासणीला जाते, म्हणून सराव तिच्यावर करता येत नाही. नव्या हेलिकॉप्टरांत त्यासाठी सरावाची खास पद्धत असते. दोन्ही इंजिने चालूच राहतात, पण त्यांची एकत्रित शक्ती घटवून पायलटला एकाच इंजिनावर असल्याचा अनुभव दिला जातो. ही युक्ती उत्तम आहे. तरीही खऱ्या क्षणाची पहिली भेट खऱ्या संकटातच होते, हे विसरून चालणार नाही.

उलट, नाशिकच्या लष्करी हेलिकॉप्टर प्रशिक्षण शाळेत पिढ्यान्‌पिढ्या पायलट ज्यांवर शिकले त्या चीता आणि चेतक हेलिकॉप्टरांची गोष्ट पाहा. एकच इंजिन, अंकीय नियंत्रक नाही. चीताचे आर्तूस्त इंजिन मुळात ८७० अश्वशक्तीचे, पण ते ५५० पर्यंतच वापरायचे. उरलेली कुवत विरळ हवेसाठी राखीव. उंचीवर इंजिनाची शक्ती घटली तरी ५५० टिकून राहावी, हा हेतू. याच जातीच्या मूळ फ्रेंच हेलिकॉप्टरने २१ जून १९७२ रोजी १२,४४२ मीटरची उंची गाठली होती. वर शक्ती कमी करताच इंजिन विझले आणि पायलट झां बूले केवळ हवेने फिरणाऱ्या रोटरवर सुखरूप खाली आला! अशा हेलिकॉप्टरात बाहेरचे तापमान आणि उंची पाहून दांडी कोठवर ओढायची हे पायलटने तक्त्यावरून आधीच काढायचे असते. मी जुन्याचे गोडवे गात नाही. दुसरे इंजिन नसणे ही फार मोठी उणीव आहे. पण ज्या पायलटला मर्यादा रोज स्वतः काढावी लागते, त्याला ती समजलेली असते. ज्याच्यासाठी ती यंत्र पाळते, त्याला ती नुसती ठाऊक असते. पडद्यावर ‘पहिली मर्यादा कोणती’ हे एकाच काट्याने दाखवणारी नवी उपकरणे पायलटचे ओझे हलके करतात. प्रशिक्षणाने त्या काट्यामागची तीन कारणे जिवंत ठेवायला हवीत.

सील नसलेली मर्यादा

आता पुन्हा आमच्या जिल्ह्यात येऊ. नोव्हेंबर २०२४ मध्ये वणीच्या हेलिपॅडवर निवडणूक कर्मचाऱ्यांनी एका नेत्याच्या बॅगा तपासल्या आणि राज्यभर गदारोळ झाला. बॅगांत काय आहे, यावर सर्वजण बोलले. त्या बॅगांचे वजन किती, हे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. हेलिकॉप्टरच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा प्रश्न तोच असतो.

वरच्या उदाहरणाकडे परत पाहा. तरंगायला १०० ऐवजी ११० एकक लागले, म्हणजे दोन माणसे आणि चार बॅगा जास्त झाल्या, तर दोन्ही इंजिने चालू असेतो काहीच जाणवणार नाही. १२० मधून ११० सहज निघतात. एक इंजिन पडले तर मात्र ७५ एककांचा तोच तीस सेकंदांचा उपाय तोकडा पडेल, कारण वेग मिळेपर्यंतची तूट मोठी असेल. उन्हाळ्यात तर ६० चेच ५४ झालेले असतात आणि ७५ चे ६८. जगातला कोणताही फॅडेक हे भरून काढू शकत नाही. तो इंधनाला ‘नाही’ म्हणू शकतो. सामानाला, दुपारच्या उन्हाला किंवा शाळेच्या मैदानाभोवतीच्या विजेच्या तारांना ‘नाही’ म्हणू शकत नाही. ते फक्त पायलट म्हणू शकतो, आणि तेही जमिनीवर असताना.

म्हणून या व्यवस्थेबद्दलचा माझा निवाडा असा. संकट आल्यानंतरच्या तीस सेकंदांसाठी माणसाने फार विचारी मर्यादा घडवली आहे. ती इंजिनाच्या किमतीवर माणसे वाचवते, घाईत हात चुकू देत नाही आणि स्वतःचा हिशेब ठेवते. तिचे दोष सुधारत आहेत. पण संकट येण्यापूर्वीची मर्यादा, म्हणजे किती वजन, कोणत्या वेळी, कोणत्या जागेवरून, ही आजही एका माणसाच्या शब्दावर उभी आहे. त्या शब्दाला ना तार, ना शिसे. पुढची सभा अडली आहे, पाहुणे खोळंबले आहेत, अशा वेळी ते सील अगदी सहज तुटते. धूरही दिसत नाही. पहिल्या मर्यादेवर अभियंत्यांनी अनेक वर्षे खर्च केली. दुसरीची राखण आपण सर्वांनी करायची आहे, कारण तिला तोडण्याचा आग्रह आपल्यापैकीच कोणी तरी करतो.

शिक्षकांनी हा विषय वर्गात घेतला, तर १००, ९० आणि ८० टक्के वेगाला उचल किती उरते याचा आलेख मुलांकडून काढून घ्यावा. ४५ अंशांना हवेची घनता किती घटते तेही त्यांनीच काढावे. मग गावातल्या एखाद्या ऑइल इंजिनापाशी वर्ग नेऊन त्या स्क्रूवरचे सील दाखवावे. असले तर.

आमच्या त्या विद्यार्थ्याला मी हे सारे दोन तासिकांत सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “मंग सर, तोलकाटा हेलिपॅडवरच ठेवाले पायजे ना?” मला यात दुरुस्त करण्यासारखे काही सापडले नाही.